मूळ : एका शब्दाचा पसारा

ओसरी

नववीत शिकणारी माझी मुलगी गेल्या आठवड्यात तुकोबांचा एक अभंग वाचत होती. 'आपुल्या माहेरा जाईन मी आतां' हा तो अभंग. त्यातल्या 'करूनि सिद्ध मूळ साउलें भातुकें । येती दिसें एकें न्यावयासी' या ओळीपाशी ती थांबली आणि तिने स्वतःच अर्थ लावला, की कोणीतरी औषधी मूळ उगाळून, बरोबर खाऊ घेऊन भेटायला येणार आहे. तिचे फारसे चुकले नाही. तिला ठाऊक असलेले मूळ जमिनीत असते किंवा काढ्यात असते. सासरी असलेल्या मुलीला माहेरी नेण्यासाठी जे बोलावणे येते आणि ते घेऊन जो माणूस येतो, त्या दोन्हींना मराठीत 'मूळ' म्हणतात, हे तिने कधी ऐकलेच नव्हते. साउलें म्हणजे लुगडे आणि भातुकें म्हणजे खाऊ. लुगडे आणि खाऊ घेऊन माहेरचे माणूस निघाले आहे, आता ते कोणत्याही दिवशी दारात उभे राहील, असे तुकोबा पंढरीच्या मायबापांविषयी सांगत आहेत. हे सांगितल्यावर ती काही वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारले, "पण मग झाडाचे मूळ आणि हे मूळ एकच का?"

त्या प्रश्नामुळे हा धागा काढत आहे. (आणि पाहा, 'प्रश्नामुळे' असे लिहितानाही मी तोच शब्द वापरला. कारण दाखवणारे आपले 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय याच 'मूळ'पासून आले आहे. 'पावसामुळे उशीर झाला' याचा अक्षरशः अर्थ 'उशिराचे मूळ पाऊस' असाच होतो.) 'मुळीच नाही', 'मुळात', 'मूळचा साताऱ्याचा', 'समूळ', 'निर्मूलन', 'मुळाक्षरे', 'मूळपुरुष', 'मूळव्याध' अशी रोजच्या बोलण्यातली यादी केली, तरी एखाद्या मराठी माणसाचा एकही दिवस या शब्दावाचून जात नसावा, असे दिसते.

मला या शब्दाविषयी एक जुनी, घरगुती ओढ आहे आणि एक जुना रागही आहे. माझ्या आत्याचा जन्म मूळ नक्षत्रावरचा. या नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याच्या जिवाला वाईट, अशी समजूत आपल्याकडे मुहूर्ताच्या पोथ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. आश्लेषा नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीने हेच ओझे सासूच्या नावाने वाहायचे. शिकलेली, गाता गळा असलेली, शिवणकामात निष्णात अशी माझी आत्या तीन ठिकाणी पसंत पडली आणि तिन्ही ठिकाणी पत्रिका पाहिल्यावर नकार आला. तिचे लग्न एकतिसाव्या वर्षी झाले. तिचे सासरे पुढे नव्वदीपर्यंत जगले, हे मी येथे मुद्दाम नोंदवत आहे.

एकाच शब्दाने एका मुलीची वाट अडवली आणि त्याच शब्दाने शेकडो वर्षे सासुरवाशिणींना माहेरची वाट दाखवली. हा शब्द इतक्या दिशांना कसा पसरला, हे येथील जाणकारांनी आपापल्या क्षेत्रातून सांगावे, ही विनंती.

वनवाटा

तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले असल्याने जमिनीतल्या मुळापासून सुरुवात करण्याचा अधिकार मी घेतो.

'कंदमुळे' हा जोडशब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यातला कंद कोणता आणि मूळ कोणते, हे पाहायचे राहून जाते. बटाटा मूळ नाही. त्याच्यावर जे डोळे असतात ते अंकुर आहेत आणि असे डोळे खोडावरच येतात, म्हणून बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड ठरते. आले आणि हळद यांच्यावर पेरी दिसतात, म्हणजे तीही खोडेच. कांदा म्हणजे आखूड खोडाभोवती दाटीने बसलेली जाड पाने. याउलट रताळे आणि गाजर ही खरी मुळे. मुळ्याचे नाव तर मुळावरूनच पडले आहे. संस्कृत 'मूलक', त्याचा आपला 'मुळा'. तरीही आपण खातो त्या मुळ्याचा वरचा थोडा भाग बीजदलांखालच्या खोडाचा असतो आणि खालचा भागच तेवढा सोटमुळाचा असतो.

उलट बाजूने पाहिले तर जमिनीबाहेर असूनही जी मुळेच आहेत अशी उदाहरणे कितीतरी सापडतील. वडाच्या पारंब्या ही मुळे आहेत. त्या जमिनीला टेकल्या की जाड होत जातात आणि खोडासारखा आधार देऊ लागतात. संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या वडाखाली उभे राहिले, की मूळ आणि खोड यांतली सीमारेषा डोळ्यांना सापडेनाशी होते. केवड्याला तिरपी आधारमुळे असतात. खाडीतल्या तिवरांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येतात. अमरवेल आपली शोषकमुळे थेट दुसऱ्याच्या देहात घुसवते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जत्रांमध्ये, घाटमाथ्यावर आणि देवस्थानांबाहेर ढोलाएवढा तांबूस दंडगोल घेऊन माणूस बसलेला असतो आणि त्याच्या पातळ चकत्या कापून देतो. त्याला 'राम कंदमूळ' म्हणतात आणि रामाने वनवासात हेच खाल्ले, असेही सांगितले जाते. एवढे मोठे मूळ कोणत्या वेलीचे असेल, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना बरीच वर्षे पडलेला होता, कारण विकणारे कधीच झाड दाखवत नसत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील अभ्यासकांनी अखेर त्या चकतीची जनुकीय तपासणी केली, तेव्हा ती घायपाताच्या कुळातली निघाली. म्हणजे शेताच्या बांधावर काटेरी कुंपण म्हणून लावतात, त्या घायपाताचे ते खोड. ज्याला आपण कंदमूळ म्हणून खातो ते कंदही नाही आणि मूळही नाही. शिवाय घायपात ही वनस्पती मूळची मेक्सिकोकडची आहे, त्यामुळे रामाच्या वनवासाशी तिचा संबंध जोडता येत नाही.

बांधावरून

वनवाटा सरांना नमस्कार. मी लातूरकडचा शेतकरी आहे आणि माझी नोंद छोटी आहे.

आमच्याकडे उडीद आणि हरभरा काढताना बरेचजण झाड कापत नाहीत, मुळासकट उपटतात. पहाटे दव असताना उपटले तर घाटे गळत नाहीत आणि हातही कमी सोलपटतात. पण या पिकांच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. त्यामुळे मूळ रानातच राहावे, वरचे वर कापून घ्यावे, असे आता कृषी विभागाचे लोक सांगतात. मी दोन वर्षांपासून विळ्याने कापत आहे.

आमच्या भागात 'त्याच्या मुळावर आला' असे वैर सांगताना म्हणतात. ते झाडाच्या मुळावरून आले असेल की नक्षत्रावरून, हे येथे कोणी सांगितले तर बरे होईल.

ओसरी

बांधावरून, तुमच्या उपटण्याच्या उल्लेखाने मी अक्षरशः खुर्चीतून उठले आणि कपाटातून अष्टाध्यायी काढली.

पाणिनीने 'मूल्य' हा शब्द दोन वेगवेगळ्या अर्थांनी सिद्ध केला आहे. त्यांपैकी एका सूत्राचा आशय असा आहे, की ज्याचे मूळ उपटले जाते ते 'मूल्य'. टीकाकारांनी त्याची उदाहरणे दिली आहेत, 'मूल्याः माषाः, मूल्याः मुद्गाः', म्हणजे उडीद आणि मूग! तुमच्या रानातल्या उडदाची काढणी व्याकरणाच्या सूत्रात नोंदली गेलेली आहे, ती पाणिनीच्या काळापासून.

दुसऱ्या सूत्रात मूळ म्हणजे भांडवल, आणि त्या भांडवलाच्या बदल्यात जे मिळवायचे ते मूल्य. आज आपल्याला परिचित असलेला किमतीचा अर्थ या दुसऱ्या वाटेने आला. आपण कर्जाच्या बाबतीत 'मूळ रक्कम' म्हणतो, त्यात हे भांडवल अजून शिल्लक आहे. पुढे मूल्याचे प्राकृतात 'मोल्ल' आणि मराठीत 'मोल' झाले. मोलमजुरी, मोलकरीण, कवडीमोल हे सगळे शब्द त्याच फांदीवरचे. ज्याचे मोल करता येत नाही तो 'अमोल'. माझ्या वर्गात एका वर्षी चार अमोल होते. त्यांच्यापैकी एकालाही आपल्या नावाच्या तळाशी झाडाचे मूळ आहे, याची कल्पना नसेल. गुजरातेतल्या आणंद येथील दूधसंघाचे 'अमूल' हे नावही 'अमूल्य'वरूनच घेतलेले आहे.

अंकपाश

मी गणित शिकवतो आणि 'वर्गमूळ' या शब्दापाशी मुलांना दरवर्षी थांबवतो. 36 हा वर्ग ज्या संख्येतून वाढला तिला, म्हणजे 6 ला, त्याचे मूळ म्हणावे, ही कल्पना शेतीच्या देशातच सुचू शकते, असे मला मनापासून वाटते. आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये रचलेल्या ग्रंथात वर्गमूळ काढण्याची रीत एकाच श्लोकात दिली आहे आणि तेथे 'वर्गमूल' हाच शब्द वापरला आहे. म्हणजे आज आपल्या पाठ्यपुस्तकात जो शब्द आहे, तो किमान दीड हजार वर्षे जसाच्या तसा टिकून आहे.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त एक गणित आहे. भुंग्यांचा थवा आहे. थव्याच्या निम्म्या संख्येचे वर्गमूळ काढावे, तेवढे भुंगे मालतीच्या फुलांकडे गेले. संपूर्ण थव्याचे आठ नवमांश भुंगेही तिकडेच गेले. एक भुंगा सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकला आणि आतून गुणगुणत राहिला, आणि बाहेर त्याची भुंगी त्याला साद देत राहिली. तर एकूण भुंगे किती? उत्तर 72. निम्मे 36, त्याचे मूळ 6, आठ नवमांश म्हणजे 64, आणि ती दोघे. मूळ श्लोकात 'अलिकुलदलमूलम्' असा समास आहे, आणि 'दल' म्हणजे पाकळीही आणि निम्मा भागही. फुलांच्या ताटव्यात बसवलेल्या या गणितात 'दल' आणि 'मूल' हे दोन्ही शब्द वनस्पतीचे आणि दोन्ही गणिताचे, हे भास्कराचार्यांनी जाणूनच केले असावे. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरवलेला शिलालेख आहे. संधी मिळाल्यास तो अवश्य पाहावा.

वनवाटा सरांच्या मुळ्याला एक पुरवणी जोडतो. लॅटिनमध्ये मुळाला 'रॅडिक्स' म्हणतात. त्यावरून इंग्रजीत मुळ्याला 'रॅडिश' हे नाव पडले आणि रसायनशास्त्रात 'रॅडिकल' ही संज्ञा आली. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्या संज्ञेसाठी 'मूलक' हा शब्द निवडला, आणि संस्कृतात मूलक म्हणजे मुळा! हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी भाजीला आणि रसायनाला एकाच शब्दाच्या दावणीला बांधले.

नक्षत्रवाट

ओसरीताईंच्या आत्याविषयी वाचून फार वाईट वाटले. मी हौशी आकाशनिरीक्षक आहे, तेव्हा ज्या ताऱ्यांच्या नावाने हे घडले, ते प्रत्यक्षात कसे दिसतात, एवढे सांगतो.

सत्तावीस नक्षत्रांपैकी मूळ हे एकोणिसावे. विंचवाच्या आकृतीत ज्येष्ठेचा लालसर तारा ओळखू आला, की तेथून खाली वळत गेलेली शेपटी आणि तिच्या टोकाची नांगी म्हणजे मूळ. नांगीतल्या तेजस्वी ताऱ्याला 'शौला' असे अरबी नाव आहे आणि त्याचा अर्थ उभारलेली शेपटी. जुलै-ऑगस्टमध्ये रात्र पडल्यावर दक्षिणेकडे हा भाग सहज दिसतो, अर्थात ढगांनी वाट दिली तर. नक्षत्राची जुनी खूण म्हणजे एकत्र बांधलेल्या मुळांची जुडी. या नक्षत्राची देवता निर्ऋती ही नाशाची मानली गेली आणि मुळाचा अर्थ 'मुळापासून उखडणे' असा लावला गेला. सगळी भीती तेथून सुरू झाली. बांधावरून यांनी विचारलेल्या 'मुळावर येणे' या वाक्प्रचारात मला झाडाचे मूळच दिसते, कारण मुळावर घाव पडला की झाड जगत नाही. 'मुळावर जन्मणे' मात्र सरळसरळ नक्षत्राचे.

आपल्या आकाशगंगेचे केंद्र आकाशाच्या याच भागात, विंचवाच्या नांगीच्या शेजारी आहे. काही लोक त्यावरून प्राचीनांना हे केंद्र ठाऊक होते असे सांगतात. ते मला पटत नाही. डोळ्यांना तेथे केवळ दाट होत गेलेला दुधी पट्टा दिसतो आणि केंद्राचे स्थान विसाव्या शतकातल्या मोजमापांनी कळले. योगायोग सुंदर असला तरी त्याला योगायोगच म्हणावे.

पण याच नक्षत्राला आपण घराघरांतून किती मानाने वागवतो, तेही पाहावे. शारदीय नवरात्रात सरस्वतीचे आवाहन मूळ नक्षत्रावर होते. भाद्रपदात गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. विद्या ज्या नक्षत्रावर घरात बोलावतो आणि माहेरवाशीण गौरीला ज्या नक्षत्रावर निरोप देतो, त्याच नक्षत्रावर जन्मलेली मुलगी नको, हे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

जात्यावरची ओवी

या धाग्यावर बोलावे असे वाटले, कारण 'मूळ' हा शब्द मी नुसता वाचलेला नाही, माझ्यासाठी तो आलेला आहे. माझे वय आता एकोणऐंशी आहे.

आमच्या लहानपणी पंचमी किंवा दिवाळी जवळ आली, की सासुरवाशिणी वाटेकडे डोळे लावून असत. 'औंदा मूळ कधी यायचे?' हा प्रश्न पाणवठ्यावर एकमेकींना विचारला जाई. मुलीला न्यायला जो येतो, बहुधा भाऊ, त्याला आम्ही मुराळी म्हणत असू. मुराळी आला की त्याला पाय धुवायला पाणी, गूळ, आणि मग सासऱ्यांपुढे त्याने रीतसर विचारणे: "बहिणीला चार दिवस धाडता का?" धाडायचे की नाही, हे सासरचे ठरवीत. मूळ येऊनही मुलगी न धाडण्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. अशा वेळी मुराळी एकटाच परत जाई आणि त्याच्या हातातली भातुक्याची पुरचुंडी मात्र मागे राही. दळताना त्या घरातून ज्या ओव्या ऐकू येत, त्या मी येथे लिहिणार नाही. त्या ज्यांच्या होत्या त्यांच्याच राहाव्यात.

हा अर्थ लोपला याचे मला दुःख आहे आणि समाधानही आहे. दुःख एवढ्यासाठी की, तुकोबांच्या ओळीतला जीव कळायचा तर तो शब्द कळला पाहिजे. समाधान याचे, की माझ्या नाती स्वतःच्या गाडीने किंवा एस.टी.ने, कोणाला न विचारता, मनात येईल तेव्हा माहेरी येतात.

वनवाटा

आजी, तुमच्या लेखनानंतर काही लिहिणे अवघड आहे. तरी नावांचा प्रश्न राहिला आहे, तेवढा थोडक्यात पुरा करतो.

औषधांत हा शब्द बहुधा नावाचाच भाग होऊन बसतो. पिंपळीच्या वेलीचे मूळ म्हणजे पिंपळमूळ. उपळसरीला अनंतमूळ म्हणतात आणि तिचे मूळ ठेचले की मंद गोड सुगंध येतो. बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ हे पाच वृक्ष, आणि सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली व गोखरू या पाच लहान वनस्पती, असे मिळून दशमूळ होते. बाळंतिणीला दिला जाणारा दशमुळांचा काढा अनेक घरांत अजून चालतो. या मागणीपायी पाच वृक्षांची मुळे खणली जातात आणि मूळ काढले की वृक्षच जातो, याची चिंता मात्र काढा पिणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.

माणसांच्या नावांत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दयानंद सरस्वतींचे. 1824 मध्ये टंकारा येथे जन्मलेल्या त्या मुलाचे नाव मूळशंकर होते आणि ते मूळ नक्षत्रावरून ठेवले, असे सांगितले जाते. नक्षत्र लपवण्याऐवजी नावातच मिरवणाऱ्या त्या घराचे मला कौतुक वाटते. गोव्यात डिचोली तालुक्यात मुळगाव आहे. मुळगावकर हे आडनावही सर्वांच्या परिचयाचे आहे. चित्रकार रघुवीर मुळगावकर आणि उद्योजक सुमंत मुळगावकर यांनी ते घरोघरी नेले. टाटांच्या 'सुमो' या गाडीचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे. इंग्रजी लिपीतून जाताना 'मु'चा 'मो' झाला, म्हणून तो ओळखू येत नाही, एवढेच.

नद्यांपैकी पुण्याची मुळा मुठेला भेटून पुढे भीमेला मिळते आणि नगर जिल्ह्यातली दुसरी मुळा नेवाशाजवळ प्रवरेला मिळते. या नावांचा झाडाच्या मुळाशी संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु केवळ ध्वनी जुळला म्हणून अर्थ जोडू नये. 'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' ही म्हण येथे अगदी शब्दशः पाळावी.

अंकपाश

एक लहानशी भर. 'मूळ' आणि 'मूल' हे दोन शब्द मराठीत केवळ ळ आणि ल यांनी वेगळे होतात: मुळे आणि मुले, मुळाचा आणि मुलाचा. ज्या मुलांच्या घरी ळ उच्चारला जात नाही, त्यांना मी 'मुलांनी मुळे मोजली' हे वाक्य दहा वेळा म्हणायला लावतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या तालुक्याचे नाव मात्र ल असलेले 'मूल' आहे, याची नकाशा वाचताना आठवण ठेवावी.

ओसरी

काल रात्री हा संपूर्ण धागा मी आत्याला वाचून दाखवला. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. नांगीच्या ताऱ्यांचे वर्णन तिने दोनदा वाचायला लावले. आपले नक्षत्र आकाशात नेमके कोठे असते, हे तिला आजवर कोणी दाखवलेच नव्हते. पाऊस उघडला की गच्चीवर जाऊन पाहायचे, असे ठरले आहे.

मग तिने स्वतःहून एक गोष्ट सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तिला न्यायला भाऊ येईल, अशी तिची अपेक्षा होती. त्या दिवशी भर पावसात माझे आजोबाच आले, हातात पिशवी, पिशवीत लुगडे आणि शेवेचे लाडू. इतकी वर्षे ज्या शब्दाने त्यांच्या मुलीला नकार आले होते, तोच शब्द तिच्या सासूबाईंनी दारातून आत पाहत मोठ्याने आणि आनंदाने उच्चारला: "अगं, तुला मूळ आलंय."

मी मुलीला अभंगाचे शेवटचे चरण पुन्हा वाचायला सांगितले. 'तुका म्हणे आतां येतील न्यावया । अंगें आपुलिया मायबापें'. 'अंगें' म्हणजे कोणाला न पाठवता, स्वतः. या वेळी तिला अर्थ विचारावा लागला नाही.